हेडफोन लावून कोडिंगला बसण्याआधी

माझ्या पहिल्याच मोठ्या कोड रिव्ह्यूमध्ये सिनियरने एका ओळीखाली लिहिलं होतं, "हे साजणी काय आहे? युझरचा नवीन टाइप आहे का?" मी ओळ उघडून बघितली. 'सेशन'च्या जागी खरंच 'साजणी' टाइप झालं होतं, आणि एकदा नव्हे, फंक्शनमध्ये तीनदा. पहिल्यांदा मी टाइप केलं, पुढे एडिटर तेच नाव सुचवत गेला, मी टॅब दाबत गेले. तिन्हीकडे चूक एकसारखी असल्याने प्रोग्रॅम चाललासुद्धा. कानात तेव्हा काय वाजत होतं ते सांगायला नकोच.

त्याला अकरा वर्षं झाली. हिंजवडीतला उघडा फ्लोअर, मग कोथरूडच्या फ्लॅटमधलं डायनिंग टेबल, आता पुन्हा आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. एवढ्या काळात कानात काय काय घालून बघितलं त्याची गणती नाही. हा लेख नुकतीच नोकरी धरलेल्यांसाठी आहे. दिवसाचे सहा-आठ तास एडिटरसमोर जातात आणि कुणीतरी "अरे लो-फाय (संथ, एकसारखं चालणारं वाद्यसंगीत) लाव, मस्त फोकस होतो" एवढं सांगून निघून गेलंय, अशांसाठी.

आधी हे जमवून ठेवा

- वायरचा साधा इअरफोन. पाच-सातशे रुपयांतला चालतो. ब्लूटूथवाला असला तरी हा हवाच. कारण पायरी ८ मध्ये येईल.
- कानावरून बसणारा हेडफोन, जमल्यास. पहिल्या पगारातून घ्यायची गरज नाही.
- इंटरनेटशिवाय चालणारा प्लेअर. व्हीएलसी पुरतो. टर्मिनलमध्येच राहायची सवय असेल तर एमपीव्ही किंवा सीमस बघा.
- रीतसर डाउनलोड केलेलं, शब्द नसलेलं दोन-तीन तासांचं संगीत.
- फोनवर तानपुऱ्याचं ॲप. हसू नका, त्याच्यासाठी एक अख्खी पायरी आहे.
- एक कागद आणि पेन. दोन आठवडे रोज फक्त एवढंच लिहायचं: काय काम होतं, काय वाजत होतं, काम झालं का.

पायरी १: संगीत कशासाठी हवंय ते ओळखा

बहुतेकांना वाटतं की संगीताने डोकं जास्त चालतं. या समजुतीचा उगम बराचसा १९९३ सालच्या एका प्रयोगात आहे. 'नेचर' या नियतकालिकात तो छापून आला आणि पुढे 'मोझार्ट इफेक्ट' म्हणून जगभर गाजला. मूळ प्रयोग पाहिला तर त्यात कॉलेजचे ३६ विद्यार्थी होते. त्यांनी दहा मिनिटं मोझार्टची एक रचना ऐकली, मग आकार आणि जागा यांच्या कोड्यांत त्यांना जरा बरे गुण मिळाले, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. त्यांनी संगीत ऐकलं ते कोडी सोडवायच्या आधी. सोडवताना कानात काही नव्हतं. आपण करतो ती गोष्ट त्या प्रयोगात तपासलेलीच नाही.

मग संगीताचा उपयोग काय? माझ्या कागदावरून तीन उपयोग निघाले. एक, आजूबाजूचा आवाज झाकणं. दोन, कंटाळवाण्या कामात खुर्चीवर टिकून राहणं. तीन, 'आता बसलो' ही खूण स्वतःला पटवणं. रोज त्याच सुरावटीने सुरुवात केली की पंधरा दिवसांत हात आपोआप एडिटर उघडतात. उदबत्ती लावून अभ्यासाला बसणाऱ्या आजोबांचं तंत्र वेगळं नव्हतं.

तुमचं कारण यातलं कोणतं, ते कागदावर वर लिहा. पहिलं असेल तर तुम्हाला संगीत नकोच असेल, नुसता एकसारखा आवाज पुरेल. तिसरं असेल तर पहिली दहा मिनिटं वाजवून बंद केलं तरी काम भागतं.

पायरी २: कामाची प्रत बघून मगच हेडफोनला हात घाला

टॉम डीमार्को आणि टिमोथी लिस्टर यांनी १९८७ सालच्या 'पीपलवेअर' या पुस्तकात कॉर्नेल विद्यापीठातला १९६०च्या दशकातला एक प्रयोग सांगितला आहे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांची आधी विभागणी केली: ज्यांना काम करताना संगीत आवडतं ते, आणि ज्यांना आवडत नाही ते. दोन्ही गटांतले निम्मे शांत खोलीत बसवले, निम्मे संगीताच्या खोलीत. सगळ्यांना फोर्ट्रानमधला एकच प्रोग्रॅम लिहायला दिला. वेग आणि अचूकता दोन्ही खोल्यांत जवळपास सारखी निघाली.

पण त्या प्रोग्रॅममध्ये एक मेख होती. दिलेल्या आकड्यांवर एकामागून एक बऱ्याच क्रिया करायच्या होत्या: दोन घरं डावीकडे सरकवा, शंभराने भागा, असं चालू. सगळ्या क्रिया संपल्यावर आकडा जो होता तोच परत येत होता. म्हणजे काहीही न करता इनपुट उचलून आउटपुटमध्ये टाकलं असतं तरी चाललं असतं. हे काही जणांच्या लक्षात आलं, आणि त्यांतले बहुतेक शांत खोलीतले होते.

मी हा प्रयोग वाचला तेव्हा मला माझ्या एका मायग्रेशनची (जुना डेटा नव्या रचनेत हलवण्याच्या कामाची) आठवण झाली. दोन दिवस मी एका टेबलातली तारीख आयएसटीतून (भारतीय वेळेतून) यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आणि पुढच्या स्क्रिप्टमध्ये यूटीसीतून आयएसटीत आणत होते. दोन्ही स्क्रिप्ट चोख होत्या. टेस्ट हिरव्या. तालात काम चाललं होतं आणि कानात झकास काहीतरी वाजत होतं.

तेव्हापासून मी कामाचे तीन ढीग करते.

*हमाली.* नावं बदलणं, जुन्या लायब्ररीवरून नव्यावर नेणं, एकसारख्या टेस्ट लिहिणं, कॉन्फिगच्या फायली जुळवणं. इथे काय करायचं ते ठरलेलं असतं, फक्त करायचं असतं. इथे हवं ते लावा. पायरी ३ मधल्या नियमाला अपवाद म्हणून शब्दांची गाणीसुद्धा इथे चालतात (साजणीचं भान ठेवून).

*वाचन.* दुसऱ्याचा कोड समजून घेणं, रिव्ह्यू करणं, डॉक्युमेंट लिहिणं. शब्द पूर्ण बंद. वाद्यसंगीत हलकं, किंवा नुसता पावसाचा आवाज.

*शोध.* एखादा बग जो दहा वेळा चालवल्यावर एकदाच येतो. दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारे प्रोग्रॅमचे भाग) एकमेकांची वाट बघत बसलेत. किंवा पाटी कोरी आहे आणि डिझाइन करायचंय. इथे काहीच नको. आवाजच असह्य असेल तर एकसारखी घरघर, तेवढीच.

पायरी ३: शब्द काढून टाका, न कळणारेसुद्धा

आपण कोड वाचताना मनातल्या मनात तो 'बोलत' असतो. यूझर काउंट, त्यातून एक वजा, शून्यापेक्षा लहान तर परत जा. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली कार्यस्मृतीची (हातातल्या कामापुरतं लक्षात ठेवणाऱ्या स्मृतीची) जी मांडणी केली, तिच्यात अशा मनातल्या उच्चाराला वेगळी जागा आहे. काही सेकंदांपुरते आवाज धरून ठेवणारी छोटीशी पाटी म्हणा. कानातून येणारे बोललेले शब्द त्याच पाटीवर जाऊन पडतात आणि आपलं तिथे लिहिलेलं पुसतात. बॅडली यांनीच पियेर सलामे यांच्याबरोबर १९८९ साली आकड्यांची यादी लक्षात ठेवायला देऊन तपासलं, तर नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा गायलेल्या संगीताने जास्त गोंधळ झाला.

इथे नवखे हमखास एका सापळ्यात अडकतात: "मग मी कोरियन गाणी लावतो, एक अक्षर कळत नाही." कळत नसलं तरी त्रास होतो. १९७६ साली इंग्रजी बोलणाऱ्यांना जर्मन उतारा ऐकवत असाच प्रयोग झाला होता, तरी त्यांची आठवण बिघडलीच. बोलण्याचा आवाज सारखा बदलत असतो, तो बदलच कान उचलतो. परक्या भाषेतलं गाणं मातृभाषेतल्या गाण्यापेक्षा बरं हे मी स्वतःपुरतं मान्य करीन, पण 'कळत नाही म्हणून चालतं' हे खरं नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे आवडीचं, पाठ असलेलं गाणं. आई रेडिओवर लावायची ती भावगीतं मला अंतऱ्यासकट येतात. ती लागली की पुढची ओळ माझ्या ओठांवर आधीच तयार असते. ऑफिसात एकदा हेडफोन लावून मी मोठ्याने गायला लागले होते आणि समोरच्या तिघांनी काम थांबवून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) टाळी दिली. नाट्यसंगीत आणि अभंग यांचंही तेच. ती संध्याकाळी ऐका, नीट बसून ऐका.

पायरी ४: हेडफोन

यावर इंटरनेटवर डोंगराएवढं लिहिलेलं आहे, म्हणून मी कामापुरतंच सांगते.

नॉइज कॅन्सलिंग (बाहेरचा आवाज उलट्या आवाजाने मारणारा हेडफोन) घ्यायच्या आधी हे माहीत असू द्या की ते तंत्र एकसारख्या, खालच्या पट्टीतल्या आवाजावर चांगलं चालतं. एसी, पंखा, विमानाचं इंजिन. माणसांच्या बोलण्यावर त्याची तेवढी मात्रा चालत नाही. उलट एसीची घरघर गेली की शेजारच्या टीमचा सुट्ट्यांवरून चाललेला वाद अधिक स्वच्छ ऐकू येतो. "एवढे पैसे घातले आणि हे काय" असं वाटतं, पण वस्तू बिघडलेली नसते. त्यावर थोडासा पावसाचा आवाज सोडला की जमतं.

कानात खुपसायचे छोटे बड दिवसभर वापरू नका. एक तर त्यांची बॅटरी दुपारी चारला मान टाकते. दुसरं, आपल्याकडचा पावसाळा. ओल्या केसांवर बड घालून सलग दोन महिने बसले आणि कानाला बुरशी लागली. कानाच्या डॉक्टरांनी आधी कान बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आयटी का?"

पायरी ५: यादी स्वतः बनवा आणि लॅपटॉपवर ठेवा

पहिल्या महिन्यात सगळे युट्यूबवरचं 'फोकस'वालं काहीतरी लावतात. त्यात तीन अडचणी येतात. मध्येच बनियनची जाहिरात लागते. एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप लागतो आणि दोन तासांनी तुम्ही कुठल्याशा कीर्तनात किंवा क्रिकेटच्या हायलाइटमध्ये असता. तिसरी अडचण डेटाची. १२८ केबीपीएसचं नुसतं संगीत तासाला साधारण ५८ एमबी खातं, म्हणजे आठ तासांना ४६० एमबीच्या आसपास. त्याच्यासोबत चित्र आलं की हिशेब कितीतरी पटींनी वाढतो, आणि मीटिंगच्या वेळी तुमचा हॉटस्पॉट मान टाकतो.

शिवाय दुसऱ्याच्या प्रवाहावर (लाइव्ह स्ट्रीमवर) किती विसंबायचं हाही प्रश्न आहे. वहीत लिहीत बसलेल्या मुलीचं चित्र असलेला लो-फायचा तो प्रसिद्ध प्रवाह फेब्रुवारी २०२० पासून अखंड चालू होता. जुलै २०२२ मध्ये कॉपीराइटच्या एका खोट्या दाव्यामुळे तो बंद पडला. युट्यूबने चूक मान्य केली, दोन दिवसांत तो परत आला; पण त्या दिवशी आमच्या ग्रुपवर लोक शेजारचं कुणी गेल्यासारखे मेसेज टाकत होते.

म्हणून यादी स्वतः बनवा. दोन-अडीच तासांची पुरे. त्यात काय घालायचं त्याचे माझे निकष असे आहेत. आवाजाची पातळी एकसारखी हवी, मध्येच ढोल कडाडता कामा नये. गाणी आधी बरीच ऐकलेली असावीत, पण जीव अडकेल इतकी लाडकी नसावीत. नवीन अल्बम कामाच्या वेळी पहिल्यांदा ऐकू नका; नवं कानावर आलं की लक्ष तिकडे जातंच. व्हिडिओ गेमचं संगीत बहुधा चांगलं जमतं, कारण ते बनवतानाच खेळणाऱ्याचं लक्ष खेळावर राहावं असं बघितलेलं असतं. रेडिओच हवा असेल तर सोमाएफएम बघा. सॅन फ्रान्सिस्कोतून २००० सालापासून चालतं, श्रोत्यांच्या देणग्यांवर, व्यापारी जाहिरातींशिवाय. तिथलं 'ड्रोन झोन' हे चॅनल मी रात्रीच्या डिप्लॉयमेंटला लावते.

नुसता आवाजच हवा असेल तर ब्राउन नॉइज वापरून बघा. व्हाइट नॉइज कानाला खरखरीत लागतो, ब्राउनमध्ये वरच्या पट्ट्या कमी होत जातात आणि तो लांबच्या धबधब्यासारखा वाटतो. (हा ब्राउन म्हणजे तपकिरी रंग नव्हे. पाण्यातल्या कणांची वेडीवाकडी हालचाल टिपणारे रॉबर्ट ब्राउन, त्यांचं नाव.) लिनक्सवर सॉक्स नावाचं जुनं अवजार एका ओळीच्या कमांडवर तो रात्रभर बनवत राहतं, फाइलसुद्धा लागत नाही.

पायरी ६: तानपुरा

मी मूळची मिरजेची. शाळेतून घरी येताना सतारमेकर गल्लीतून जायची वाट होती. दुकानाच्या दारात भोपळे वाळत पडलेले, आत कुणीतरी घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) कानस चालवत बसलेलं. चार-दोन वेळा कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, डोकं हलवायचं, पुन्हा कानस. जवारी काढणं म्हणतात त्याला. तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवला की साधी 'टंग' अशी वाजणारी तार एकदम फुलते, तिच्यातून दुसरेच सूर निघायला लागतात. मिरजेच्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांना मी पेढे दिले; कुणाला कारण नीट कळलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं की पार्श्वसंगीत म्हणून आपण जे शोधत हिंडतो ते आपल्या मैफलीत गवयाच्या मागे कधीचं बसलेलं आहे. तानपुरा ऐकू आला पाहिजे आणि त्याच्याकडे लक्ष जाता कामा नये, ही त्याची नोकरीच आहे. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही, शब्द नाहीत, ठेका नाही, पुढे काय होणार याची उत्सुकता नाही. चार तारा एकामागून एक, पंचम (प), जोडीचे दोन षड्ज (सा), खर्ज (खालचा सा), आणि परत पहिल्यापासून.

लावताना एवढं बघा:

पट्टी खालची निवडा. काळी एक किंवा त्याच्याही खाली. वरच्या पट्टीचा तानपुरा तासाभराने टोचायला लागतो. पहिली तार पंचमावर ठेवा. ॲपमध्ये निषादाचाही (नी) पर्याय असतो. तो काही रागांना लागतो, पण कामाला बसल्यावर निषाद सतत षड्जाकडे ओढत राहतो आणि उगाच हुरहुर लागते. लय अगदी सावकाश.

लॅपटॉपच्या स्पीकरवर लावू नका. खर्ज ऐकूच येत नाही, उरते ती माशीची गुणगुण.

फुकट ॲपमधले काही तानपुरे वीस-पंचवीस सेकंदांचं रेकॉर्डिंग फिरवत ठेवतात आणि सांध्यावर बारीकसा 'टक्' येतो. पहिल्या दहा मिनिटांत तो जाणवत नाही. एकदा जाणवला की दिवसभर दुसरं काही ऐकू येत नाही. माझ्या एका ॲपमध्ये तो तेविसाव्या सेकंदाला यायचा आणि मी बाविसाव्याला श्वास धरायचे. असं ॲप लगेच काढून टाका.

शास्त्रीय संगीतच लावायचं असेल तर एक गंमत लक्षात ठेवा: जितकं जास्त कळतं तितका त्रास जास्त. तबला सुरू झाला की कान मात्रा मोजायला लागतो. विलंबित (संथ) एकतालाचं एक आवर्तन (तालाचा एक फेरा) मिनिटभर चालतं, आणि तेवढा वेळ तुमचा एक धागा समेच्या वाटेवर उभा राहतो. तिहाई (तीनदा वाजून समेवर येणारा तुकडा) आली की संपलंच, मान हलते, फंक्शनचा कंस उघडाच राहतो. मी दहावीपर्यंत पेटी शिकले तेवढ्यावर माझी ही गत. माझ्या टीममधला केरळचा एक मुलगा तेच संगीत ऐकत शांतपणे काम करतो, आणि त्याला मृदंगाची आवर्तनं मात्र छळतात.

तेव्हा आलाप आणि जोड (सुरुवातीचे, तबल्याशिवायचे भाग) एवढंच ठेवा, गत (तबल्याबरोबरची बांधीव रचना) सुरू व्हायच्या आधी तोडा. रुद्रवीणा आणि सुरबहार यांचे आलाप यासाठी उत्तम. संतूर आणि बासरी जमते, सतारीचा झाला (शेवटचा जलद भाग) जमत नाही. ख्याल हे गाणंच आहे, शब्द ओळखू आले नाहीत तरी. आकाशवाणीचं 'रागम्' हे शास्त्रीय संगीताचं चॅनल २६ जानेवारी २०१६ पासून चोवीस तास चालतं आणि ॲपवर फुकट मिळतं. सुंदर आहे. पण त्यात निवेदन असतं, आणि "आता ऐकू या" असं कुणी म्हटलं की आपण ऐकतो.

पायरी ७: आवाज किती ठेवायचा

जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा हिशेब ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास असा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ९० च्या आसपास आठवड्याचे जेमतेम चार. आपण कानात घालून बसतो ते आठवड्याला ४० तास सहज होतात, त्यामुळे इथे ढिलाई चालत नाही. सिनेमागृहात तीन तास मोठा आवाज ऐकणं वेगळं आणि रोज आठ तास वेगळं.

फोनवर डेसिबल दिसत नसतील तर माझी घरगुती परीक्षा: हेडफोन घालून बसा आणि हाताच्या अंतरावरून कुणाला तरी साध्या आवाजात "चहा घेणार?" विचारायला सांगा. कळलं तर ठीक. नाही कळलं तर आवाज मोठा आहे, आणि चहाही गेला. काम संपल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर दोन दिवस हेडफोन पूर्ण बंद, आणि तरी राहिली तर डॉक्टर.

दुपारनंतर आवाज आपोआप वाढवला जातो, याची बहुतेकांना कल्पना नसते. सकाळी दहा वाजता जिथे होता त्या पातळीवर पेन्सिलने खूण करता येत नाही, म्हणून आकडा कागदावर लिहा आणि संध्याकाळी बघा.

पायरी ८: मीटिंग, माइक आणि ऑन-कॉल

नवख्यांचा सगळ्यात मोठा वैताग: छान संगीत चालू आहे, कॉल आला, आणि अचानक सगळं जुन्या लँडलाइनमधून आल्यासारखं ऐकू यायला लागलं. हेडफोन खराब झालेला नाही. ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की बहुतेक लॅपटॉप त्याला फोनवर बोलायच्या पद्धतीत टाकतात, तिथे आवाज एकेरी आणि कमी दर्जाचा होतो. उपाय सोपा. साउंड सेटिंगमध्ये आउटपुट हेडफोनच ठेवा, इनपुटला लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. त्यानंतरही संगीत तसंच राहिलं तर ब्लूटूथ तोडून परत जोडा. किंवा वायर लावा, म्हणून ती यादीत सगळ्यात वर आहे.

स्क्रीन शेअर करताना 'टॅबचा आवाजही शेअर करा' ही खूण काढलेली आहे ना ते बघा. यावर मी जास्त बोलणार नाही.

ऑन-कॉल असाल (सिस्टिम बिघडली तर धावायची पाळी तुमची असेल) तर संगीताचा विचार वेगळा करा. एका शनिवारी माझ्याकडे पेजर (बिघाड झाला की फोनवर वाजणारं ॲप) होता. फोन डायनिंग टेबलावर, मी आतल्या खोलीत, कानावर नॉइज कॅन्सलिंग आणि आत ब्राउन नॉइज. एक रिफॅक्टरिंग (चालणाऱ्या कोडची रचना सुधारणं) इतकं सुंदर चाललं होतं की विचारू नका. ४० मिनिटांनी सासूबाई फोन घेऊन आल्या: "अगं, हा किती वेळ बोंबलतोय, मला वाटलं मुद्दाम उचलत नाहीस." पेमेंटची रांग तोवर तुंबलेली. तेव्हापासून ऑन-कॉलच्या आठवड्यात एक कान मोकळा असतो आणि पेजरचं ॲप लॅपटॉपवरही चालू असतं, म्हणजे इशारा संगीताच्याच वाटेने कानात येतो.

ऑफिसात आणखी एक. हेडफोन घातला म्हणजे 'बोलू नका' असा अर्थ शेजारचे घेतात, आणि नवीन माणसाला पहिल्या सहा महिन्यांत बोलण्याचीच जास्त गरज असते. मी जे काही शिकले त्यातलं बरंचसं मागच्या टेबलावरच्या दोघांच्या भांडणातून शिकले. जेवणाआधीचा तासभर तरी हेडफोन काढून ठेवा.

पायरी ९: बंद कधी करायचं

तीच ओळ तिसऱ्यांदा वाचताय. गाणं बदलायला प्लेअरमध्ये गेलात आणि पाच मिनिटं तिथेच आहात. बोटं कीबोर्डवर आहेत पण ठेका धरून. चूक काय आहे ते माहीत नाही आणि एकेक गोष्ट बदलून बघणं सुरू आहे, पुन्हा चालव, पुन्हा बदल. यातलं काहीही दिसलं की हेडफोन काढून टेबलावर ठेवा. आवाज नुसता म्यूट करू नका, काढाच. पाणी पिऊन या. आल्यावर बग मोठ्याने बोलून सांगा: कुणी नसेल तर भिंतीला, कुंडीला. तारखांचा तो गोंधळ मला हेडफोन काढल्यावर जिना उतरताना सापडला होता, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये.

दोन आठवड्यांनी तुमचा कागद उलगडून बघा. माझ्या कागदावर 'काम झालं' समोरच्या निम्म्याहून जास्त ओळींत 'काही नाही' लिहिलेलं होतं, आणि मी स्वतःला संगीताशिवाय काम न जमणारी समजत होते.

पायरी १०: गणपतीचे दहा दिवस

पुण्यात राहून घरून काम करणाऱ्यांसाठी ही पायरी वेगळी. ढोल-ताशा कशानेही झाकला जात नाही. नॉइज कॅन्सलिंगला एकसारखा आवाज लागतो आणि टिपरू (ढोल वाजवायची काठी) एकसारखं नसतं. शिवाय ढोल खिडकीच्या काचेतून आणि खुर्चीतून वर येतो, कानातून नाही. त्यावर मात करायला आवाज वाढवलात तर पायरी ७ मोडली. सरावाची पथकं तर महिना-दीड महिना आधीपासून नदीकाठी असतात, त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या आधी बघून ठेवा. संध्याकाळच्या तासांसाठी हमालीच्या ढिगातलं काम राखून ठेवा, शोधाचं सगळं सकाळी सातला उरका. विसर्जनाच्या दिवसाची रजा मी जूनमध्येच टाकून ठेवते.